दगड की जीवाश्म?

विहीर खणताना, शेत नांगरताना, मुरूम काढताना किंवा कन्हानच्या वाळूत हिंडताना कधी कधी असा एखादा दगड हाती लागतो, की तो फेकून देववत नाही. कुणाला त्यात हाडाचा सांधा दिसतो, कुणाला अंडे, कुणाला पानाची नक्षी. घरी आणून तो धुतला जातो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवला जातो आणि शेवटी प्रश्न उरतो: ‘हे जीवाश्म आहे का?’

आपण सगळेच या प्रश्नाकडे आकाराच्या वाटेने जातो. हा कशासारखा दिसतो, हेच आधी पाहतो. भूगर्भशास्त्राचा जाणकार मात्र दगड हातात घेण्याआधी विचारतो, ‘हा सापडला कुठे?’ मग तो दगडाची आतली रचना पाहतो. आकाराचा नंबर सर्वांत शेवटी लागतो. जागा, रचना, आकार हा क्रम एकदा अंगवळणी पडला, की घरबसल्याही निम्मे कोडे सोडवता येते. नागपूरकरांना तर त्यासाठी फार लांब जायला नको. सुरुवात आपल्याच परिसरापासून करू.

१. जीवाश्म म्हणजे काय?

फार पूर्वी जगलेल्या जिवाचा खडकात टिकून राहिलेला पुरावा म्हणजे जीवाश्म. त्यात हाड, दात, शिंपला, लाकूड येते. तसेच जिवाने मागे ठेवलेल्या खुणाही येतात. पावलाचा ठसा, बीळ, अंडे आणि विष्ठासुद्धा.

मेलेला प्राणी किंवा पडलेले झाड उघड्यावर राहिले तर कुजून जाते. गाळाखाली लवकर गाडले गेले, तर त्याचा टिकाव लागण्याची शक्यता असते. मग गाळातून झिरपणारे खनिजयुक्त पाणी आपले काम सुरू करते. जुन्या वाड्याची भिंत न पाडता तिच्यातली एकेक वीट काढावी आणि त्याच जागी तेवढाच दगडाचा तुकडा बसवत जावे, तसे हे काम चालते. शेवटी सगळी भिंत दगडाची होते, पण खिडक्या, कोनाडे जिथल्या तिथे राहतात. लाकडाचा दगड होतो तेव्हा लाकडाच्या पेशींची मांडणी अशीच शाबूत राहू शकते.

दुसरीही एक रीत आहे. शिंपला विरघळून जातो आणि त्याच्या पोकळीचा साचा तेवढा उरतो. पुढे त्या साच्यात गाळ किंवा खनिज भरले, की शिंपल्याचा दगडी ठोकळा तयार होतो. पानाच्या बाबतीत बहुधा कोळशाचा पातळ थर किंवा नुसता ठसा राहतो.

अनेक मराठी घरांत जीवाश्म रोज पुजला जातो. देवघरातला शाळिग्राम पाहा. नेपाळातल्या गंडकी नदीत मिळणाऱ्या या काळ्या गोट्यांमध्ये अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याचा गुंडाळीदार शंख असतो. हिमालय ज्या समुद्रतळाच्या गाळातून उचलला गेला, त्या गाळातले हे जीव. उद्या असा शाळिग्राम नागपूरच्या एखाद्या परसात मातीखाली सापडला, तर ‘इथे समुद्र होता’ असा निष्कर्ष काढता येणार नाही. इथल्या खडकात तो बसतच नाही. तो माणसाच्या हाताने आला, हेच उत्तर बरोबर. जागा आधी का विचारायची, ते एवढ्यावरूनही कळते.

२. नागपूरच्या भोवतीचे खडक

नागपूरच्या चारही बाजूंना वेगवेगळ्या वयाचे खडक उघडे पडलेले आहेत. प्रत्येकाचा स्वभाव निराळा.

उत्तरेला रामटेक आणि मनसरकडचे खडक फार जुने. मँगनीजच्या खाणी याच पट्ट्यात आहेत. हाडे आणि शिंपले असलेले प्राणी पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधी हे खडक तयार झाले. नंतर जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने त्यांचे रूपही पालटले. त्यामुळे इथल्या खडकात कितीही हुबेहूब हाड दिसले, तरी ते हाड नाही, असे बिनदिक्कत म्हणता येते.

कामठी आणि सिल्लेवाड्याकडे वालुकाश्म लागतो. तो सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांचा गाळ आहे. त्यात ग्लोसोप्टेरिस या झाडाची पाने मिळतात: जिभेच्या आकाराची, मधोमध ठळक शीर आणि दोन्ही बाजूंना शिरांचे जाळे. हीच पाने दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकातही सापडतात. हे सगळे भूभाग एके काळी एकत्र होते, याच्या भक्कम पुराव्यांपैकी हा एक.

त्यानंतरचे प्रकरण डायनोसॉरांचे. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे लाव्हारसाचे थरावर थर. ते सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. नागपूर या काळ्या पाषाणाच्या पूर्व कडेवर वसले आहे. सीताबर्डीची टेकडी त्याचीच. त्याच्या खाली नद्या, तळी आणि जुनी माती यांचा एक पातळ थर जागोजागी दिसतो. त्याला लमेटा म्हणतात. मध्य भारतातल्या डायनोसॉरची बरीचशी हाडे आणि अंडी याच थरातली. लाव्हा थंड झालेल्या खडकात मात्र जीवाश्माची आशा धरू नये.

सर्वांत वर नद्यांचा अलीकडचा गाळ. त्यात हत्ती, रानरेडे, गवे अशा प्राण्यांची हाडे मिळू शकतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना १९८२ मध्ये मध्य प्रदेशातल्या हथनोरा इथे आदिमानवाच्या कवटीचा भाग मिळाला, तो नर्मदेच्या अशाच गाळात.

आता एक उदाहरण सोडवू. रामटेकच्या डोंगराच्या खडकातून कुणी ‘डायनोसॉरचा दात’ आणला. खडकाचे वय पाहता उत्तर नाही. तसाच दगड वरोऱ्याजवळच्या लमेटाच्या मातीत मिळाला, तर उत्तर ‘असू शकेल, भिंग आणा’. दगड तोच, पण जागा बदलली आणि उत्तरही बदलले.

३. टाकळीच्या गोगलगायींनी काय सांगितले?

जागेची नोंद किती मोलाची असते, हे नागपुरात पावणेदोनशे वर्षांपूर्वीच दिसून आले. स्कॉटलंडहून आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात पोहोचले. नागपुरातले हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत ते आसपासचे डोंगर, नाले आणि खाणी पाहत फिरत. नागपूरच्या परिसरातील खडक आणि जीवाश्मांवरचा त्यांचा लेख १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. दक्षिणेला मांगली इथल्या खडकातून मिळालेल्या एका चपट्या, रुंद कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी त्याच वर्षी केले. ब्रॅकिऑप्स नावाचा तो प्राचीन उभयचर. ‘डायनोसॉर’ हे नाव रूढ करणारे ते हेच ओवेन.

त्या वेळी शहराबाहेर असलेल्या टाकळीला हिस्लॉप आणि हंटर यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, फळे, बिया आणि कीटकांचे अवशेष मिळाले. नुसता शंख पाहिला तर त्यात नवल काही नाही. पण तो गाळाच्या ज्या पातळ थरात होता, त्याच्या खाली लाव्हाचा थर आणि वरही लाव्हाचा थर. म्हणजे एक उद्रेक थांबला, जमीन निवली, पाणी साचून तळे झाले, त्यात गोगलगायी वाढल्या, काठाला झाडे आली, आणि मग पुढच्या लाव्हाने सगळे झाकून टाकले. उद्रेक सलग नव्हते, मध्ये जीवसृष्टीला पुन्हा रुजण्याइतकी उसंत होती, हे त्या शंखाच्या जागेने सांगितले. तोच शंख कुणी खिशात घालून नेला असता आणि जागा विसरला असता, तर उरला असता फक्त एक जुना शंख.

४. फसवणारे दगड

आकारावर विसंबले की फसगत होते, कारण निसर्गातली कितीतरी निर्जीव कामे सजीवांची रूपे घेतात. विदर्भात नेहमी भेटणारे काही फसवे दगड असे:

दगडावरची फांदी. दगड फोडला की आत काळी, नाजूक, नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसते. खडकाच्या भेगेत झिरपलेल्या पाण्यातून मँगनीज आणि लोहाची संयुगे साचून ती होते. ओळखण्याची खूण सोपी आहे: पानाला मधली शीर असते आणि शिरा ठरावीक रीतीने फुटतात, या नक्षीला देठ नसतो, शीर नसते आणि ती भेगेच्या कडेपासून आत पसरत गेलेली असते.

गोल ‘अंडी’. काळा पाषाण झिजताना त्याचे कोपरे आधी झडतात आणि पापुद्रे सुटत सुटत आत एक टणक गोल गोटा उरतो. मुरमाच्या खाणीत असे गोटे ढिगाने असतात. अंड्याला फक्त एक पातळ कवच असते. या गोट्याला थरावर थर असतात आणि आतला दगडही बाहेरच्या दगडासारखाच असतो.

गारा आणि अकीक. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळीत पुढे खनिजे साचतात. त्यातून बदामाच्या, नळीच्या, कधी दाताच्या आकाराचे पांढरे तुकडे सुटून येतात. तुटलेल्या कडेला चकाकणारे स्फटिक किंवा रंगांचे पट्टे दिसले तर तो बुडबुड्याचा वारस समजावा.

चुनखडीचे खडे. काळ्या मातीत आपोआप तयार होणारे हे वेडेवाकडे पांढुरके खडे बोटांच्या हाडांसारखे दिसतात. आत पाहिले तर एकसारखा चुना असतो, हाडाची रचना नसते.

फसगत फक्त नवख्यांचीच होते असे नाही. भोपाळजवळच्या भीमबेटकाच्या एका गुहेच्या छतावर दिसलेली पानासारखी आकृती म्हणजे ५० कोटी वर्षांहून जुना डिकिन्सोनिया हा जीव, असे २०२१ मध्ये संशोधकांनी जाहीर केले. जगभर बातमी झाली. पुढच्या पाहणीत दुसऱ्या गटाला ती आकृती झिजलेली दिसली; एवढ्या थोड्या काळात दगडातला जीवाश्म असा झिजत नाही. जवळच आग्या माशांची पोळी होती आणि त्या आकृतीत मेणाचा अंश मिळाला. तो पोळ्याचा कुजत चाललेला अवशेष होता. हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मूळ दावा करणाऱ्यांनीही ते मान्य केले.

५. भिंगाखाली काय पाहावे?

जागा जुळली तर दुसरी पायरी रचनेची. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग आणि सूर्यप्रकाश पुरेसा आहे.

हाड: तुटलेली कडा पाहावी. बाहेर दाट, गुळगुळीत कवच आणि आत बारीक छिद्रांची जाळी असेल तर आशा धरावी. जुन्या हाडाच्या कोरड्या कडेला ओले बोट टेकले तर ते किंचित चिकटते, कारण छिद्रे पाणी ओढतात. पण चिकणमाती आणि चुनखडीही तेच करतात, म्हणून ही एकटी खूण पुरेशी नाही.

लाकूड: आडव्या छेदात वाढीची वलये किंवा पेशींची बारीक जाळी, उभ्या बाजूला तंतू. गारगोटीने भरलेले लाकूड काचेवर ओरखडा काढते, पण साधी गारही काढतेच. निवाडा तंतूंवर करायचा. दगड झालेले भलेमोठे ओंडके पाहायचे तर गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाजवळच्या वडधमला जावे.

शंख-शिंपले: वेटोळी ठरावीक प्रमाणात वाढत जातात. पृष्ठभागावर वाढीच्या समांतर रेषा असतात. आणि बहुधा एक सापडला की तसेच आणखी सापडतात. निसर्गातल्या अपघाताने घडलेला आकार सहसा एकटा असतो.

अंडे: गोलपणा सोडून कवच शोधावे. मध्य भारतातली डायनोसॉरची अंडी साधारण १५ ते १७ सेंटिमीटर व्यासाची असतात. कवच जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाड, बाहेरून बारीक पुटकुळ्यांचे. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी मिळाल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. अंडी घरट्यात असतात आणि आजूबाजूला कवचाचे तुकडे विखुरलेले असतात. माळावरचा एकटा गोल दगड अंडे असण्याचा संभव फारच कमी.

६. पिसदुऱ्याचे गोळे

आता ही सारी रीत एका खऱ्या कोड्याला लावू. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथल्या शेतांत लाल मातीत मळकट तपकिरी, लांबट-गोल दगडी गोळे मिळतात. काहींवर आडव्या खाचा, काहींची टोके निमुळती, काही मुठीहून मोठे. दिसायला मातीची ढेकळे. हे काय असावे?

जागा: लमेटा थर, डायनोसॉरांचा काळ. त्याच मातीत टायटॅनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरची हाडे आणि कासवांचे अवशेष मिळतात. हिस्लॉप यांच्या काळापासून हे गाव हाडांसाठी माहीत आहे.

आकार: एक-दोन नाही, असंख्य गोळे आणि तेच तेच ठरावीक आकार. चार्ल्स मॅटली यांनी १९३९ मध्ये त्यांची आकारावरून प्रकारवारी लावली आणि ती प्राण्यांची दगड झालेली विष्ठा असल्याचे मांडले.

रचना: इथे खरा निकाल लागला. गोळ्यांच्या आत वनस्पतींचे चघळलेले, सडलेले तुकडे होते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, तसेच कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी ते गोळे आणखी बारकाईने तपासले. गवताच्या पात्याची कड बोटाला कापते, कारण त्याच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. पान कुजले तरी ते कण टिकतात, आणि प्रत्येक गटातल्या गवताचे कण वेगळ्या घडणीचे असतात. पिसदुऱ्याच्या गोळ्यांत असे कण मिळाले, तेही निदान पाच प्रकारच्या गवतांचे. २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले.

तोवर गवते डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतरच पसरली, असा समज होता. डायनोसॉरच्या चित्रांत पायाखाली गवत काढले तर तो दोष मानला जाई. वरोऱ्याच्या शेतातल्या ढेकळांनी ते पान दुरुस्त केले: डायनोसॉरांच्या अखेरच्या काळात गवते होती, त्यांत विविधता होती आणि ती खाल्लीही जात होती. विष्ठा टायटॅनोसॉरची होती, हा निष्कर्ष मात्र सोबत मिळालेल्या हाडांवरून काढलेला आहे. म्हणजे पुन्हा जागेनेच साक्ष दिली.

७. तोच दगड, दुसऱ्यांदा पाहताना

गुजरातमधल्या ढोली डुंगरी इथे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात डायनोसॉरच्या अंड्यांजवळ काही लहान हाडे मिळाली. नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाची हाडे, असे त्यांनी १९८७ मध्ये लिहिले. ते तर्काला धरूनच होते. २००१ मध्ये अमेरिकी संशोधक जेफ्री विल्सन यांनी तो नमुना पाहिला तेव्हा त्यांना काही मणक्यांचे सांधे सापाचे वाटले. दोघांनी आणि सहकाऱ्यांनी मिळून नमुना पुन्हा साफ करून तपासला. २०१० मध्ये उत्तर जाहीर झाले: अंड्याभोवती वेटोळे घालून बसलेला साडेतीन मीटरचा साप, आणि शेजारी खरेच एक पिल्लू. सापाचे नाव सनाजेह.

हे शक्य झाले, कारण हाडे एकेक सुटी न करता खडकाच्या ठोकळ्यासकट जपली होती. कुणी ती साफसूफ करून वेगवेगळ्या डब्यांत ठेवली असती, तर साप आणि अंडे यांची गाठ कायमची सुटली असती.

८. समुद्रकिनाऱ्यावर सापडला तर?

सुट्टीत कोकणात गेलेली मुले हमखास काहीतरी खिशात भरून आणतात. किनाऱ्याची अडचण अशी, की तिथली वस्तू लाटांनी कुठून आणली ते कळत नाही. जागेची साक्ष तिथे दुबळी. तरी कोकणचा मूळ खडक काळा पाषाण आणि जांभा, म्हणून फार जुन्या जीवाश्मांची अपेक्षा कमी. पांढरा, हलका, लांबट तुकडा बहुधा समुद्रफेन, म्हणजे माकूळ जातीतल्या प्राण्याचे आतले कवच. पाण्यावर तरंगणारा भोकांचा दगड ज्वालामुखीचा. शिंपले घट्ट चिकटून झालेला खडक म्हणजे करळ. तो काही हजार वर्षांचा. मुंबईत मात्र वरळीच्या टेकडीत लाव्हांच्या मधल्या थरातून लहान बेडकांचे सांगाडे मिळाले होते, आणि ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. ते खडकातून मिळाले होते, वाळूतून नाही, हे लक्षात ठेवावे.

९. काय करावे, काय टाळावे

दगड खडकात रुतलेला असेल तर तो उकरू नये. शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवून जवळून एक आणि भोवतालासकट एक असे दोन फोटो घ्यावेत. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपावेत. गाव, शेत किंवा नाला, जमिनीपासून खोली, थराचा रंग आणि दगड रुतलेला होता की सुटा, एवढे लिहून ठेवावे. घासू नये, तेल लावू नये, फोडून पाहू नये. आम्लाचा थेंब टाकू नये. फेस आला तर तिथे चुना आहे एवढेच कळते आणि नमुना मात्र खराब होतो.

मग विचारायला जावे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य क्षेत्राचे कार्यालय नागपुरात सेमिनरी हिल्सवर आहे. नागपूर विद्यापीठात भूगर्भशास्त्राचा विभाग आहे. तिथे जाताना दगडापेक्षा फोटो आणि नोंद अधिक उपयोगी पडतात. दहापैकी नऊ वेळा उत्तर ‘गार’, ‘चुनखडी’ किंवा ‘काळा पाषाण’ असेच येईल. त्याने नाराज होण्याचे कारण नाही. त्या निमित्ताने आपल्या गावाखाली कोणता खडक आहे, तो कधी आणि कसा बनला, हे कळते. आणि दहाव्या वेळी, जर ते खरेच हाड किंवा अंडे निघाले, तर आपण लिहून ठेवलेली चार ओळींची नोंदच त्याला शास्त्रात जागा मिळवून देईल. दगड पुन्हा पाहता येतो, पण उकरून टाकलेली जागा पुन्हा मिळत नाही.